गॅरिबाल्डी या आडनावावर टाकलेला विश्वास : प्रात्स द मोल्यो, नोव्हेंबर १९२६

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीजच्या कुशीत प्रात्स द मोल्यो नावाचं तटबंदीचं छोटं गाव आहे. खाली तेक नदी, वर सतराव्या शतकातला किल्ला, आणि काही कोसांवर स्पेनची सीमा. ४ नोव्हेंबर १९२६ रोजी फ्रेंच पोलीस या गावातल्या 'व्हिला डेनिस' नावाच्या घरात शिरले आणि त्यांनी एका ६७ वर्षांच्या गृहस्थांना ताब्यात घेतलं. त्यांचं नाव फ्रान्सेस्क मासिया. कधीकाळी स्पॅनिश सैन्यात लेफ्टनंट कर्नल असलेले हे गृहस्थ सीमा ओलांडून कॅटलोनियाचं, म्हणजे स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातल्या कॅटलान भाषक मुलखाचं, स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित करायला निघाले होते. एकही गोळी न झाडता बेत मोडला.

कॅटलोनियाबद्दल मराठीत जे थोडंफार येतं ते बहुतेक २०१७ च्या सार्वमताबद्दल असतं. त्याआधीच्या शंभर वर्षांत या चळवळीने मदतीसाठी परक्या दारांवर किती थापा मारल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. राज्य नसलेल्या लोकांनी बाहेर मित्र शोधताना कुठे जायचं, कुणाचा शब्द धरायचा, याचे सगळे पेच या एका फसलेल्या बेतात एकत्र सापडतात. म्हणून हे प्रकरण निवडलं. इतिहासात नोंद असलेल्या पुढाऱ्यांचीच नावं इथे घेतली आहेत. पकडल्या गेलेल्या साध्या स्वयंसेवकांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

आधी त्या सीमेबद्दल. प्रात्स द मोल्यो फ्रान्समध्ये असलं तरी तिथली जुनी बोली कॅटलानच. १६४१ च्या जानेवारीत पाउ क्लारिस नावाच्या धर्मगुरूने फ्रान्सच्या छत्राखाली कॅटलान प्रजासत्ताक जाहीर केलं होतं आणि आठवड्याभरातच फ्रेंच राजाला आपला अधिपती मानलं होतं. पुढे १६५९ च्या तहात स्पेन आणि फ्रान्सने आपापसांत मिटवून घेतलं आणि पिरेनीजच्या उत्तरेचा कॅटलान मुलूख फ्रान्सकडे गेला. परक्याच्या आधाराने मिळवायला गेलं आणि हातचा तुकडाही गेला, ही आठवण या लोकांच्या गाठीशी होती. तरीही १९२५ मध्ये मासियांनी उठावासाठी कर्जरोखे काढले तेव्हा त्यांना पाउ क्लारिसचंच नाव दिलं.

मासिया काही जन्मजात बंडखोर नव्हते. सैन्यातले इंजिनियर, धार्मिक वृत्तीचे, घरंदाज. त्यांना सैन्यापासून तोडलं ते एका व्यंगचित्राने. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाच्या 'कु-कुत!' या विनोदी साप्ताहिकात एक चित्र आलं. निवडणूक जिंकलेल्या कॅटलान पक्षाची मेजवानी चालू आहे. बाहेर उभा असलेला लष्करी अधिकारी विचारतो, एवढी गर्दी कशाची? विजयाची मेजवानी आहे, असं कळताच म्हणतो, विजय? मग हे साधे नागरिक असणार. क्युबा आणि फिलिपिन्स गमावून जेमतेम सात वर्षं झाली होती, घाव वर्मी लागला. अधिकाऱ्यांच्या जमावाने साप्ताहिकाची कचेरी फोडली, एका कॅटलान दैनिकाची कचेरीही सोडली नाही. सरकारने हल्लेखोरांना शिक्षा करायची सोडून सैन्यावरच्या टीकेचे खटले लष्करी न्यायालयाकडे देणारा कायदाच केला. मासियांनी उघड निषेध केला, सैन्य सोडलं आणि १९०७ च्या निवडणुकीत कॅटलान पक्षांच्या आघाडीतर्फे संसदेत गेले. त्या आघाडीने कॅटलोनियातल्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या होत्या.

पहिल्या महायुद्धात काही कॅटलान तरुण फ्रेंच परदेशी पलटणीत भरती झाले. स्पेन तटस्थ, पण आपण फ्रान्ससाठी रक्त सांडलं तर तहाच्या वेळी फ्रान्स आपली आठवण ठेवील, असा हिशोब. बार्सिलोनात या स्वयंसेवकांना कपडे, पत्रं, तंबाखू पाठवायला समिती निघाली. तिने स्वयंसेवकांचा आकडा १२ हजार सांगितला. नंतरच्या अभ्यासकांची मोजदाद मात्र हजाराच्या आसपास थांबते. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या नावे निवेदनं गेली, क्युबाच्या ध्वजावरून स्फूर्ती घेतलेला चांदणीचा कॅटलान ध्वज पुढे आला. युद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेत यातलं काहीही कुणी विचारात घेतलं नाही. तिथे हरलेल्या साम्राज्यांची वाटणी चालली होती, तटस्थ स्पेनला हात लावायचं कुणाला कारणच नव्हतं.

यानंतर नजर आयर्लंडकडे वळली. १९२० मध्ये कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी लंडनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर वारले. ते उपोषणावर होते तेव्हा बार्सिलोनातल्या दुकान-कचेऱ्यांमधल्या कारकुनांच्या संघटनेने त्यांच्या सुटकेसाठी थेट ब्रिटिश पंतप्रधानांकडे विनंती धाडली होती. मला ही गोष्ट फार हलवून जाते. दिवसभर काउंटरमागे कापड मोजणारी ही पोरं संध्याकाळी संघटनेच्या खोलीत जमून परक्या देशातल्या कैद्यासाठी मजकूर जुळवत होती. १९२२ मध्ये आयर्लंडला स्वतःचं राज्य मिळालं आणि त्याच वर्षाच्या जुलैत मासियांनी 'एस्तात काताला', म्हणजे 'कॅटलान राज्य' ही संघटना काढली.

अडचण

१३ सप्टेंबर १९२३ रोजी बार्सिलोनाचेच लष्करप्रमुख जनरल प्रिमो दे रिव्हेरा यांनी सत्ता हाती घेतली. सरकारी कारभारातून कॅटलान भाषा हद्दपार झाली, ध्वजावर बंदी आली, १९१४ पासून चालू असलेला चार कॅटलान जिल्ह्यांचा संयुक्त कारभार १९२५ मध्ये गुंडाळला गेला. त्याच वर्षी मैदानावर स्पॅनिश राष्ट्रगीताच्या वेळी प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या म्हणून बार्सिलोना फुटबॉल क्लबचं मैदान सहा महिने बंद ठेवायचा हुकूम निघाला. मासिया फ्रान्समध्ये निघून गेले.

त्यांच्यापुढचा पेच सोपा नव्हता. घरात सभा नाही, वर्तमानपत्र नाही, निवडणूक नाही. बाहेर माणसं आहेत, पण विखुरलेली : पॅरिसमध्ये मजूर म्हणून राबणारे, तुलूझमधले, ब्वेनोस आइरेस आणि हवानामधले व्यापारी. वय वाढत चाललेलं. आणि ज्या देशाच्या आश्रयाला आहोत, त्याच देशाच्या जमिनीवरून शेजारच्या देशात हत्यारं घेऊन शिरायचं आहे.

समोरचे पर्याय

पहिला रस्ता सनदशीर. १९२४ मध्ये 'आक्सिओ कातालाना' या दुसऱ्या गटाने राष्ट्रसंघाकडे (पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेली देशांची संघटना) कॅटलोनियाची तक्रार दाखल केली. पण अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे करार बहुतांशी पूर्व युरोपातल्या नव्या आणि हरलेल्या देशांना लागू होते. स्पेन त्यांत नव्हता, उलट राष्ट्रसंघाच्या परिषदेत तो स्वतःच बसलेला होता. तक्रार तिथेच विरली. मासियांनी या वाटेवर वेळ घालवला नाही आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

दुसरा रस्ता मॉस्कोचा. १९२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मासिया आणि त्यांचे तरुण सहकारी जुझेप कार्नेर-रिबाल्ता रशियात पोहोचले. तिथे राहणारा कॅटलान साम्यवादी आंद्रेउ निन त्यांच्या मदतीला होता. जगभरच्या साम्यवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमुख झिनोव्हिएव आणि रशियन पक्षाचे पुढारी बुखारिन यांच्याशी भेटी झाल्या. देवाधर्मातला एक जमीनदार वृद्ध आणि जागतिक क्रांतीचे सूत्रधार समोरासमोर! आश्वासनं मिळाली, साम्यवाद्यांना आणि अराजकवाद्यांना सोबत घ्यायची अट मिळाली, पैसा मात्र आला नाही. झिनोव्हिएव स्वतःच घसरणीला लागले होते. त्या डिसेंबरात पक्षाच्या अधिवेशनात त्यांचा पराभव झाला आणि १९२६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे मासिया सीमेकडे निघाले त्याच सुमारास, त्यांची त्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमुखपदावरून उचलबांगडी झाली. ज्याच्या शब्दावर आपण हिशोब मांडतो आहोत, त्याचं स्वतःच्या घरात किती चालतं, हे परक्याला ओळखणं कठीण असतं.

तिसरा आधार अमेरिकेतल्या आपल्याच माणसांचा. पाउ क्लारिस रोखे तिकडेही विकले गेले. रोख्यावरची अट वाचली की पोटात कालवतं : कॅटलान प्रजासत्ताक अस्तित्वात आलं की रक्कम परत मिळेल. हे गुंतवणूक म्हणून कुणी घेतलं नसणार. ब्वेनोस आइरेसमधल्या 'कोमितेत यिबेर्तात' या समितीने आणि इतर कॅटलान मंडळांनी वर्षानुवर्षं पैसा पाठवला आणि बदल्यात काही मागितलं नाही.

चौथा रस्ता इटालियनांचा, आणि प्रकरणाची गाठ इथेच आहे. १९२४ नंतर मुसोलिनीला कंटाळून हजारो इटालियन फ्रान्समध्ये आले होते. त्यांतले काही लढायला आतुर होते आणि काहींना युद्धाचा अनुभवही होता. त्यांच्यात लाल सदरे घालून लढणाऱ्या स्वयंसेवकांची जुनी परंपरा सांगणारा, इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या खुद्द ज्युझेप्पे गॅरिबाल्डीचा नातू रिच्चोत्ती गॅरिबाल्डी नीसमध्ये राहून माणसं जमवत होता.

कळीचा निर्णय

त्या आडनावाचं वजन मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडेही मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं तरुणांच्या तोंडी होती, त्यांची चरित्रं मराठीत वाचली जात होती. फ्रान्समध्ये तर ते वजन ताजं होतं. १९१४ मध्ये गॅरिबाल्डीचे नातू स्वयंसेवकांची तुकडी घेऊन फ्रान्सच्या बाजूने लढले होते आणि त्यांतले ब्रूनो आणि कोस्तान्ते हे दोघे आर्गोनच्या जंगलात कामी आले होते. रिच्चोत्ती त्यांचाच भाऊ. मासियांच्या लोकांनी या इटालियन मंडळींशी सूत जुळवलं. काही इटालियन स्वयंसेवक कॅटलान तुकड्यांसोबत सीमा ओलांडणार, असं ठरलं. आज तुमच्यासाठी आम्ही, उद्या इटलीसाठी तुम्ही, अशी त्यामागची भावना होती.

पण रिच्चोत्ती मुसोलिनीच्या पोलिसांचा पैसा खात होता. पुढे फ्रेंच पोलिसांपुढे त्याने ते कबूलही केलं.

इथे थोडं थांबायला हवं. त्याचा भाऊ एत्सिओ उघडपणे मुसोलिनीच्या बाजूचा होता. घरातच फूट होती आणि ती लपलेली नव्हती. याचा अर्थ रिच्चोत्ती फितूर असणारच असा होत नाही, पण चौकशी करायला एवढं कारण पुरेसं होतं. बेताची तारीख, माणसांची संख्या आणि वाटा या गोष्टी इटालियन मंडळींच्या कानावर जाण्याआधी ती चौकशी कसून झाली असं दिसत नाही. आजोबांचं कर्तृत्व नातवाच्या खात्यावर जमा धरलं गेलं.

रोमला यात रस का होता, तेही पाहू. १९२६ च्या ऑगस्टमध्ये इटली आणि स्पेन यांच्यात मैत्रीचा करार झाला होता. फ्रान्सच्या भूमीवरून स्पेनवर हल्ला झाला आणि त्यात इटालियन निर्वासित सापडले, तर एका दगडात दोन पक्षी : प्रिमो दे रिव्हेरांवर उपकार होणार आणि निर्वासितांना थारा देणारा फ्रान्स तोंडघशी पडणार.

प्रत्यक्ष घडलं ते

बेत असा होता. दोन तुकड्या प्रात्स द मोल्यो ज्यात आहे त्या वाय्यस्पिर खोऱ्यातून सीमा ओलांडतील, पलीकडचं ओलोत शहर घेतील, तिथे प्रजासत्ताकाची घोषणा होईल आणि ती ऐकून बार्सिलोनात सार्वत्रिक संप पेटेल. काहीशे माणसं, रायफली, डोंगरात साठवलेला दारूगोळा.

ऑक्टोबर संपता संपता पॅरिस आणि तुलूझहून माणसं आगगाडीने छोट्या छोट्या गटांत दक्षिणेकडे निघाली. फ्रेंच पोलीस तयारच होते. काहींना वाटेत, काहींना सीमेजवळच्या पर्पिन्याँ या फ्रेंच शहराच्या परिसरात उचललं. शंभरावर माणसं पकडली गेली, त्यात बरेच इटालियन होते. व्हिला डेनिसमध्ये वाट पाहणाऱ्या मासियांपर्यंत तुकड्या पोहोचल्याच नाहीत, पोलीस मात्र पोहोचले. त्याच दिवसांत नीसमध्ये रिच्चोत्तीही पकडला गेला.

फक्त फितुरीमुळे बेत फसला असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मोरोक्कोतल्या रिफच्या लढाईत फ्रान्स आणि स्पेन खांद्याला खांदा लावून लढले होते, तिथल्या बंडाचा पुढारी अब्द अल-करीम शरण येऊन अजून अर्धं वर्षही झालं नव्हतं. मोरोक्कोत ज्याच्यासोबत रक्त सांडलं त्या शेजाऱ्यावर आपल्या अंगणातून हल्ला होऊ देणं फ्रान्सला परवडणारं नव्हतंच. रिच्चोत्ती प्रामाणिक असता तरी तुकड्या पर्पिन्याँच्या पुढे किती गेल्या असत्या, याची शंका वाटते. मासियांनी इटालियन मित्राकडे भाबडेपणाने पाहिलं, त्याहून जास्त भाबडेपणाने यजमानाकडे पाहिलं.

बार्सिलोनाच्या संपाचंही तेच. कामगारांची सर्वांत मोठी संघटना बंदीखाली, तिचे पुढारी तुरुंगात किंवा परागंदा. ओलोत पडलं असतं तरी भोंगे बंद करायला माणसं कुठून आली असती?

परिणाम

आता प्रकरणाला कलाटणी मिळते. रिच्चोत्तीचं बिंग फुटताच फ्रेंच वर्तमानपत्रांचा सगळा रोख मुसोलिनीकडे वळला. आपल्या भूमीवर परक्या पोलिसांनी कारस्थान रचावं याचा संताप उसळला आणि मासिया फसवल्या गेलेल्या सज्जन वृद्धाच्या रूपात लोकांपुढे आले. जानेवारी १९२७ मध्ये पॅरिसमध्ये खटला उभा राहिला. आरोपींच्या बाकावर मासिया, कवी वेन्तुरा गासोल, कार्नेर-रिबाल्ता, आणि त्यांच्याचसोबत रिच्चोत्ती गॅरिबाल्डी. बचावाला आँरी तोरेस, त्या काळातला पॅरिसचा गाजलेला वकील. मासियांनी जबाबदारी अंगावर घेतली आणि आरोपीच्या जागेवरून कॅटलोनियाची बाजू मांडली. शिक्षा झाली दोन महिन्यांची कैद आणि शंभर फ्रँक दंड. कैद कोठडीत भरून निघालीच होती. मग बेल्जियमला रवानगी.

राष्ट्रसंघाच्या दारात जे कागद कुणी उघडले नाहीत, तेच गाऱ्हाणं आता युरोपातल्या वाचकांनी सकाळच्या पेपरात वाचलं. यातलं काहीही योजलेलं नव्हतं, म्हणून त्याला मासियांची चाल म्हणता येत नाही. पण मिळालेलं व्यासपीठ त्यांनी नीट वापरलं, याचं श्रेय त्यांचंच.

पुढचं पाऊल मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. ते पुन्हा कुठल्या सरकारच्या दारात गेले नाहीत. गासोलना घेऊन दक्षिण अमेरिकेत गेले, ज्यांनी रोखे घेतले होते त्यांना भेटायला. उरुग्वे, अर्जेंटिना, चिली, आणि शेवटी क्युबा. १९२८ च्या शरदात हवानात जमलेल्या प्रवासी कॅटलानांच्या सभेने भावी प्रजासत्ताकाची तात्पुरती राज्यघटना मंजूर केली आणि चांदणीचा ध्वज तीत नोंदवला. क्युबावरून सुचलेला ध्वज क्युबातच कागदावर आला.

काय वेगळं करता आलं असतं

माणसं जमवणं आणि माणसांना तारीख सांगणं ही दोन कामं वेगळी ठेवता आली असती. इटालियन स्वयंसेवक हवेतच असं धरलं, तरी त्यांना गाडीत बसेपर्यंत दिवस आणि वाट कळायची गरज नव्हती. मासिया लष्करी माणूस, त्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. निर्वासितांच्या जगात मात्र सगळे एकाच खानावळीत जेवतात, एकमेकांच्या अडचणी जाणतात, तिथे गुप्तता पाळणं म्हणजे मित्रावर अविश्वास दाखवणं वाटतं. ही अडचण खरी आहे आणि दुरून दोष देताना ती विसरू नये.

दुसरं, रिच्चोत्तीच्या पैशाची चौकशी. नीसमध्ये राहणारा, माणसं पोसणारा हा गृहस्थ खर्च कशातून भागवतो, हा प्रश्न इटालियन निर्वासितांमधल्या भरवशाच्या कुणाला तरी विचारायला हवा होता.

तिसरं माझ्या मते सर्वांत मोठं. आयर्लंडचं उदाहरण अर्धंच उचललं गेलं. १९१६ चा डब्लिनचा उठाव आणि मॅकस्विनींचं उपोषण डोळ्यांपुढे होतं. पण त्यानंतर आयरिश लोकांनी १९१८ ची निवडणूक जिंकली, गावागावांत स्वतःची न्यायालयं चालवली, करांचा कारभार हाती घेतला. ती बाजू कॅटलान तरुणांच्या कल्पनेत फार आली नाही. हुकूमशाहीत निवडणूक शक्य नव्हती हे खरं, पण दुकान-कचेऱ्यांतल्या त्या संघटनेसारख्या संस्थांभोवती आतलं जाळं विणायला लागणारा वेळ आणि पैसा डोंगरातल्या रायफलींवर गेला.

निवडणुकीची संधी आली ती अचानक. १२ एप्रिल १९३१ च्या नगरपालिका निवडणुकांत मासियांच्या जेमतेम महिन्याभरापूर्वी जन्मलेल्या 'एस्केर्रा रेपुब्लिकाना' पक्षाने बार्सिलोना जिंकलं. १४ तारखेला मासियांनी बाल्कनीतून कॅटलान प्रजासत्ताकाची घोषणा केली, इबेरियन देशांच्या संघराज्यातलं एक राज्य म्हणून. तीन दिवसांनी माद्रिदहून विमानाने तीन मंत्री आले. या वेळी मासियांनी बाहेरच्या कुणाची वाट पाहिली नाही. टेबलाशी बसले, 'प्रजासत्ताक' हा शब्द सोडला आणि त्याबदल्यात 'जनरलितात' या जुन्या नावाचं स्वायत्त सरकार पदरात पाडून घेतलं. स्वायत्ततेचा कायदा सप्टेंबर १९३२ मध्ये माद्रिदच्या संसदेत मंजूर झाला. त्या सरकारचे अध्यक्ष असतानाच, १९३३ च्या नाताळच्या दिवशी मासिया वारले.